मुलाचे उत्तर आणि मोठ्यांची घाई

लहान मुलांना गणित कधी शिकवावे, यावर पालक, बालवाडीचालक आणि शिक्षणशास्त्राचे अभ्यासक यांच्यात जो वाद चालतो, त्यात दोन्ही बाजू हटकून एकाच प्रयोगाचा दाखला देतात. एकसारख्या दोन पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, ते सारखे असल्याचे मुलाकडून वदवून घ्यायचे, मग एका पेल्यातले पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद भांड्यात ओतायचे आणि विचारायचे: आता दोन्हींत पाणी सारखेच आहे, की एकात जास्त आहे? चार-पाच वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्याकडे बोट दाखवते. पहिली बाजू म्हणते, सातव्या वर्षापर्यंत मुलाची बुद्धी तर्काला तयारच नसते हे यातून सिद्ध झाले आहे, तेव्हा त्याआधी बेरीज-वजाबाकीचा आग्रह धरणे हा मुलावर अन्याय आहे. दुसरी बाजू म्हणते, हा प्रयोगच फसवा होता हे पन्नास वर्षांपूर्वी दाखवून झाले आहे. मुलांना सगळे कळत असते, आपणच त्यांना कमी लेखतो. बालवाडीत गणिताला किती जागा द्यावी हे ठरवताना आणखी पुष्कळ गोष्टी पाहाव्या लागतात आणि तो निवाडा मी इथे करणार नाही. पण ज्या पुराव्याच्या बळावर हा वाद लढवला जातो, तो पुरावा दोघेही चुकीचा वाचतात, असे माझे ठाम मत आहे. मुलाने दिलेले एक उत्तर म्हणजे त्याच्या समजेचे मोजमाप, असे दोघांनीही गृहीत धरले आहे. भांडण आहे ते फक्त कोणत्या मांडणीतले उत्तर खरे मानायचे याचे. वास्तविक चुकीचे उत्तर जितके फसवे असू शकते, तितकेच बरोबर उत्तरही फसवे असू शकते, आणि मुलाने ते कशाच्या आधारावर दिले हे तपासल्याशिवाय या प्रयोगातून काहीही निष्पन्न होत नाही.

हा प्रयोग मुळात कसा होता ते आधी पाहिले पाहिजे, कारण आज व्हिडिओंतून फिरणारी त्याची आवृत्ती फार छाटलेली आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांची या विषयावरची दोन पुस्तके 1941 सालची: एक अलिना शेमिन्स्का यांच्यासह लिहिलेले, संख्येच्या संकल्पनेवरचे, दुसरे बेर्बेल इनहेल्डर यांच्यासह लिहिलेले, राशींच्या संकल्पनेवरचे. रूप बदलले, मांडणी बदलली तरी राशी तीच राहते, ही अक्षय्यतेची समज. ती त्यांनी पाण्यावर तपासली, मातीच्या गोळ्यावर तपासली, फुले आणि फुलदाण्या किंवा अंडी आणि अंडी ठेवण्याच्या वाट्या यांच्या जोड्या लावायला सांगून तपासली. एकेक नाणे देऊन एकेक वस्तू विकत घ्यायला लावूनही तपासली. 'सारखेच आहे' एवढे ऐकून काम संपत नसे. कशावरून, असे विचारले जाई. मग मूल तीनपैकी एखादे कारण देई: यात काही घातले नाही की यातून काही काढले नाही, परत पहिल्या पेल्यात ओतले तर तेवढेच भरेल, हे भांडे उंच आहे खरे, पण अरुंदही आहे. त्यावरही प्रयोगकर्ता मुलाला छेडून पाही: मघाशी दुसरा एक मुलगा म्हणत होता की इथे पाणी वर चढले आहे म्हणून जास्त आहे, त्याचे बरोबर होते का? उत्तर चुकीचे असेल तर उलट बाजूने छेडले जाई. या उलटतपासणीत टिकेल तीच समज, असा दंडक होता. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवरून हे सारे ठरवले, असे पुष्कळदा ऐकू येते. त्या तीन मुलांच्या नोंदींवर त्यांचा तान्ह्या वयाचा अभ्यास उभा आहे. अक्षय्यतेचे प्रयोग जिनिव्हातल्या इतर मुलांबरोबर झाले.

पियाजे यांना चुकीच्या उत्तरांची ही ओढ कुठे लागली, तो इतिहास या वादात फार उपयोगी आहे. आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी 1905 साली पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. बिने 1911 साली वारले. 1916 साली स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी त्या श्रेणीची अमेरिकी आवृत्ती काढली आणि पाहता पाहता मदतीसाठी घडवलेले साधन माणसांची प्रतवारी लावण्याचे, प्रसंगी एखाद्या समाजाला जन्मतःच कमी बुद्धीचा ठरवण्याचे हत्यार बनले. तरुण पियाजे पॅरिसला सिमाँ यांच्याबरोबर मुलांच्या तर्कचाचण्या प्रमाणित करण्याचे काम करत होते. काम बरोबर उत्तरे मोजण्याचे होते; त्यांचे लक्ष गेले ते एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात याकडे. त्यांनी मोजणी बाजूला ठेवली आणि ते मुलांशी बोलू लागले. त्यांच्याच प्रयोगाला आज आपण 'जमले' आणि 'जमले नाही' अशा दोन रकान्यांत बसवतो, तेव्हा ज्या वाटेवरून ते जाणीवपूर्वक बाजूला झाले त्याच वाटेवर त्यांना ओढून नेतो. बिने यांच्या श्रेणीची जी गत झाली तीच या प्रयोगाची करायची आहे का?

आता आक्षेपाची सर्वांत बळकट बाजू मांडतो, कारण ती खरोखरच बळकट आहे. पियाजे यांच्या पद्धतीत मोठा माणूस एकच प्रश्न दोनदा विचारतो, ओतण्यापूर्वी आणि ओतल्यानंतर. आपल्या कोणत्याही वर्गात बसलेल्या मुलाला यातून काय कळेल? बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी 1974 साली सहा वर्षांच्या मुलांना, सोंगट्यांच्या ओळींच्या प्रयोगात, मांडणी बदलण्याआधीचा प्रश्न गाळून फक्त नंतरचा विचारला, तेव्हा चुका कमी झाल्या. त्याच सुमारास एडिंबरामध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी चार ते सहा वर्षांच्या 80 मुलांसमोर सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. प्रयोगकर्त्याने स्वतः एक ओळ विस्कटली तेव्हा सुमारे 16 टक्के मुलांनी 'सारख्याच' असे सांगितले. पेटीतून बाहेर आलेल्या खेळण्यातल्या खट्याळ अस्वलाने, जणू खोडी काढायला म्हणून, तीच ओळ विस्कटली तेव्हा हे प्रमाण 62 टक्क्यांच्या घरात गेले. पॉल लाइट आणि सहकाऱ्यांनी 1979 साली आणखी एक युक्ती केली. दोन मुलांना खेळासाठी पेल्यांत सारखे जिन्नस भरून दिले, आणि मग एका पेल्याची कड फुटलेली आहे, हात कापेल, असे म्हणून ते दुसऱ्या आकाराच्या पेल्यात ओतले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम 5 टक्के मुलांनी दोन्ही सारखे मानले होते. इथे 70 टक्क्यांनी मानले. मोठा माणूस मुद्दाम, लक्ष वेधून काही करतो तेव्हा ते महत्त्वाचे असणार, असे मूल समजते, आणि त्याचे ते समजणे शहाणपणाचेच आहे. प्रयोगातले हे संभाषण पियाजे यांनी पुरेसे ओळखले नाही, हा आक्षेप मी निःसंकोच मान्य करतो. मुलाच्या डोक्यातले पाणी मोजायला निघालेला माणूस स्वतःही त्या मोजमापाचा भाग असतो, हे त्यांच्या लक्षात यायला हवे होते.

पण इथून 'पियाजे खोटे ठरले' या निष्कर्षावर उडी मारणाऱ्यांनी त्यापुढचे संशोधन वाचलेले दिसत नाही. 1986 साली ख्रिस मूर आणि डग्लस फ्राय यांनी तेच अस्वल आणले, पण त्याला खरोखरची लबाडी करायला लावली: त्याने ओळीत सोंगटी वाढवली किंवा ओळीतून एक काढून घेतली. आता संख्या बदलली होती. मुलांना राशीची समज असेल, तर त्यांनी तसे सांगायला हवे होते. उलट अस्वलाने केलेला हा खरा बदलही पुष्कळ मुलांच्या हिशेबात आला नाही. नेहमीच्या मांडणीत दिली असती त्याहून वाईट उत्तरे त्यांनी दिली. म्हणजे 'सारख्याच' म्हणणाऱ्या मुलांपैकी काहींना अक्षय्यता कळली होती, आणि काही अस्वलाच्या गमतीत इतकी रमली होती की त्यांनी ओळीकडे पाहिलेच नव्हते. फुटक्या पेल्याच्या प्रयोगाला तरी वेगळे काय लागू होते? ओतणे हा निव्वळ व्यवहार आहे, असे मुलाला सुचवले तर ते 'सारखेच' म्हणणार, कारण प्रसंगच तसे म्हणायला सांगतो. बर्लिनमध्ये 1904 च्या सुमारास 'हुशार हान्स' नावाचा एक घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे. घोडा गणित करत नसून प्रश्न विचारणाऱ्याच्या अंगाची नकळत होणारी हालचाल वाचतो आहे, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी 1907 साली दाखवून दिले. प्रश्नकर्त्याच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून हा घोडा पियाजे यांच्या विरोधात उभा केला जातो. पण हान्स बरोबर उत्तरे देत होता, हे सोयीस्करपणे विसरले जाते. माणसाकडे पाहून चुकीचे उत्तर देता येते, तसेच बरोबर उत्तरही देता येते.

याहून आधीचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. 1967 साली जाक मेलर आणि टॉमस बेव्हर यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांपुढे गोळ्यांच्या दोन ओळी ठेवल्या, एकीत चार आणि दुसरीत दाटीने मांडलेल्या सहा, आणि हवी ती ओळ खायला घ्यायला सांगितले. लहानग्यांनी सहाची ओळ उचलली, आणि अक्षय्यता अडीच वर्षांच्या मुलालाही असते असा गाजावाजा झाला. पियाजे यांचे यावरचे उत्तर साधे आणि बिनतोड होते. इथे मूल कोणत्या ओळीत गोळ्या जास्त आहेत हे ओळखते, आणि ती क्षमता मोलाची आहेच. पण आधीची समानता मांडणी बदलल्यावरही टिकते का, हा प्रश्न या प्रयोगात विचारलेलाच नाही. ज्याची चाचणी केली नाही त्याचे प्रमाणपत्र कसे देणार?

या दोन टोकांमध्ये मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा प्रयोग ज्युडिथ सॅम्युअल आणि पीटर ब्रायंट यांचा, 1984 सालचा. पाच ते आठ वर्षांच्या अडीचशेहून अधिक मुलांचे त्यांनी तीन गट केले. पहिल्या गटाला प्रश्न दोनदा विचारला, दुसऱ्याला फक्त नंतर, आणि तिसऱ्याला आधीची सारखी मांडणी दाखवलीच नाही. प्रत्येकाला 12 वेळा तपासले. पाच वर्षांच्या मुलांच्या सरासरी चुका पहिल्या गटात 8.5 होत्या, दुसऱ्यात 7.3. फरक पडला, पण 7.3 म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा चूकच. आठ वर्षांच्या मुलांच्या चुका दोन्ही गटांत दोनपेक्षा कमी होत्या. प्रश्न दोनदा विचारण्याचा दोष खरा आहे, आणि तो काढून टाकल्यावरही पाच आणि आठ या वयांमध्ये जो फरक उरतो तो त्या दोषापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिसऱ्या गटाचा हेतू सहसा कोणी सांगत नाही. आधीची समानता न पाहिलेली मुले दुसऱ्या गटाहून जास्त चुकली. याचा अर्थ, दुसऱ्या गटात बरोबर उत्तर देणारी मुले समोर दिसणाऱ्या मांडणीवरून अंदाज बांधत नव्हती. आधी पाहिलेली समानता ती पुढे नेत होती. अक्षय्यतेची समज म्हणतात ती हीच.

मग पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान बदलते तरी काय? इथे माझ्या मते सर्वांत लक्षवेधी पुरावा मुलांच्या हातांचा आहे. ब्रेकिन्रिज चर्च आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 1986 साली अशा प्रयोगांत मुले कारण सांगताना हात कसे हलवतात ते टिपले. एखादे मूल तोंडाने म्हणते, 'हे उंच आहे म्हणून यात जास्त', पण त्याच वेळी त्याचा अंगठा आणि बोटे अर्धवर्तुळ करून भांड्याची रुंदी दाखवत असतात. रुंदीचा विचार त्याला शब्दांत मांडता आलेला नाही. तो हाताशी येऊन थांबला आहे. ज्या मुलांच्या बोलण्यात आणि हातवाऱ्यांत असा विसंवाद होता, त्यांना नंतर शिकवल्यावर इतरांपेक्षा जास्त फायदा झाला. या मुलाला अक्षय्यता कळते की कळत नाही? हो किंवा नाही यांपैकी कोणतेही उत्तर दिले तरी जे खरोखर घडते आहे ते हातचे निसटते. त्याने बोटाने दाखवलेल्या भांड्यावर फुली मारणारा परीक्षक आणि 'त्याला सगळे कळते, फक्त सांगता येत नाही' म्हणणारा कौतुककर्ता, दोघांनाही ते अर्धवर्तुळ दिसलेले नसते.

ही समज एका दिवसात, एका फटक्यात येत नाही याचा पुरावा तर खुद्द जिनिव्हाच्या नोंदींतच आहे. मातीचा गोळा लाटून लांब केला तर माती तेवढीच राहते, हे साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाला पटते. वजन तेवढेच राहते हे नऊ-दहाला. तो पाण्यात बुडवला तर पाणी तेवढेच वर चढेल हे अकरा-बाराला. माती तीच, हात तोच, आणि तीन उत्तरांमध्ये चार वर्षांचे अंतर. वयाच्या तक्त्यात 'सात वर्षे: अक्षय्यता' असे एका ओळीत लिहिणाऱ्यांनी हे तरी ध्यानात घ्यावे.

हातांचा विषय निघालाच आहे, तर मातीत हात घालणाऱ्या मुलांचाही पुरावा पाहू. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांची आणि त्याच भागातल्या इतर मुलांची तुलना डग्लस प्राइस-विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 1969 साली केली, तेव्हा मातीच्या प्रयोगात कुंभारांची मुले पुढे होती. सेनेगलमधल्या वोलोफ मुलांवर पॅट्रिशिया ग्रीनफिल्ड यांनी केलेल्या प्रयोगांत शाळेत न गेलेली बरीच मुले पाण्याच्या प्रयोगात चुकली, कारण पाहुण्या बाईने ओतल्यामुळे काहीतरी घडले असे ती मानत होती. त्यांना स्वतः ओतू दिले तेव्हा चित्र पालटले. पुढे ज्युडिथ अर्व्हाइन यांनी वोलोफ शब्दांचे अर्थ आपल्याला समजावून सांगण्याचे निमित्त करून हाच विषय काढला, तेव्हा पाण्याची पातळी वेगळी आणि पाणी किती ते वेगळे, हे लोकांनी सहज उलगडून दाखवले. कॅनडात केप ब्रेटन बेटावरच्या मिकमॅक मुलांना इंग्रजीत प्रश्न विचारले तर ती युरोपीय वंशाच्या मुलांच्या मागे दिसत. त्यांच्याच भाषेत विचारले तर तो फरक उरत नाही, असे राफेल न्यिटी यांनी 1982 साली दाखवले. हा शेवटचा प्रयोग महाराष्ट्रात प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात शिकवला जावा, असे मला तळमळीने वाटते. नंदुरबारमध्ये घरी पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला आपण पहिलीत प्रमाण मराठीत प्रश्न विचारतो, आणि त्याच्या गप्प राहण्याची नोंद संकल्पना नसणे अशी करतो. या नोंदीत मुलाचे किती आणि आपल्या भाषेचे किती, हे कोण तपासते?

वयाचे तक्ते आणि पियाजे यांनी सांगितलेल्या बुद्धिविकासाच्या अवस्थांची नावे टाकून द्या, असे माझे म्हणणे नाही. सहा वर्षांच्या मुलाने उंच भांड्याकडे बोट दाखवले तर त्यात काळजीचे काही नाही, एवढा दिलासा शिक्षकाला आणि आईवडिलांना त्या तक्त्यातून मिळतो, आणि तो खरा आहे. वर्गात चाळीस मुले असताना प्रत्येकाची उलटतपासणी करायला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्नही मी उडवून लावणार नाही. पण कारण विचारायला शिक्षकच लागतो असे कुठे आहे? दोन मुलांना समोरासमोर बसवून मधे चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, एक दाट आणि एक पसरट, आणि 'तुमच्या दोघांचे एकमत होईपर्यंत मला सांगू नका' एवढे म्हटले, तर उलटतपासणी मुलेच एकमेकांची करतात. एक मोजू लागते, दुसरे ओळ पुन्हा जवळ सारून दाखवते. शिक्षकाने ऐकायचे ते त्यांचे भांडण. अंगणवाडीत चिंचोके आहेत, जमीन आहे आणि भांडायला मुले आहेत. यासाठी वेगळा खर्च नाही की वेगळा तास नाही.

शिक्षक घडवण्याची आपली रीत मात्र नेमकी याच्या उलट आहे. शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र यांना 30 गुण आहेत, आणि त्या विभागाच्या तयारीत पियाजे येतात ते चार अवस्था आणि त्यांची वये यांच्या रूपाने. मूल उंच पेल्यात पाणी जास्त आहे म्हणते, तर ते कोणत्या अवस्थेत आहे, या धर्तीच्या प्रश्नांचा सराव करून हजारो उमेदवार वर्गात जातात. मुलाचे उत्तर ऐकताच त्याला एका खणात टाकण्याची सवय परीक्षेनेच लावली, तर ती वर्गात कशी सुटणार? बहुपर्यायी परीक्षेत याहून वेगळे विचारता येत नाही, ही सबबही टिकणारी नाही. पाच वर्षांच्या मुलीने उंच भांड्याकडे बोट दाखवले. शिक्षकाने यानंतर काय करावे? तोच प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा विचारावा. 'नीट बघ' म्हणावे. बरोबर उत्तर सांगून टाकावे. की पाणी तिच्याच हातांनी परत पहिल्या पेल्यात ओतायला देऊन, ते कुठपर्यंत येईल हे आधी तिला सांगायला लावावे? चार पर्याय झाले, आणि यंत्रालाही ते तपासता येतील.